ओट्यावरचे चाचा आणि माझं सुशोभीकरण

चाचा माणसाला त्याचं गाव चुकीचं सांगत, आणि तेही मुद्दाम.

कापड लाईनीतून एखादं जोडपं पिशव्या सांभाळत चाललं असलं, की ओट्यावरून आवाज यायचा, "काय पाटील, दुसरबीडवरून आले काय?"

पाटील जागीच थांबायचा. "दुसरबीड? नाई बा. आम्ही मोताळ्याकडचे."

"मोताळा? पाह्य बरं. मले वाटलं दुसरबीड. मंग तिकडं कपाशी कशी हाय औंदा?"

पाच मिनिटांनी पाटील ओट्याला टेकलेला असायचा आणि पाटलीणबाईंचा हात चाचांच्या हातात. चाचा मनियार, म्हणजे बांगड्या भरणारे. त्यांचं दुकान चार हात रुंद. दुकान कसलं, भिंतीत काढलेलं एक मोठं कपाटच. खरं दुकान म्हणजे बाहेरचा ओटा.

मी एकदा विचारलं, "चाचा, इतकी वर्षं इथं बसून तुम्हाला माणसाचं गाव ओळखता येत नाही?"

"येते ना. चपलीच्या मातीवरून सांगतो," चाचा म्हणाले. "पण बरोबर सांगतलं तं माणूस हाव म्हणते अन् निघून जाते. चुकलं का थांबते. आपलं गाव दुसऱ्यानं चुकवलेलं कोणाले सहन होत नाई, सेठ."

मला ही युक्ती फार आवडली. दुसऱ्याच दिवशी दुकानावरून जाणाऱ्या एका गृहस्थाला मी मोठ्यानं विचारलं, "काय दादा, शेगावचे काय तुम्ही?" तो आमच्या मागच्या गल्लीत राहणारा निघाला. पंधरा वर्षांचा शेजार. त्या संक्रांतीला त्यांच्याकडून आमच्या घरी हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही, आणि ते कोणामुळे आलं नाही हे बायको अजून दर संक्रांतीला ऐकवते.

माझं भांड्यांचं दुकान. चाचांच्या दुकानापासून चौथं. आमच्या लाईनीत कापड, भांडी, बांगड्या, पत्रिका असं सगळं लग्नाला लागणारं मिळतं, त्यामुळे लाईन चालायची ती बस्त्यावर. बस्ता म्हणजे लग्नाची कापडखरेदी. ती आमच्याकडे दोघं-चौघं जाऊन करत नाहीत. मुलाकडचे आणि मुलीकडचे मिळून दोन क्रूझर भरून माणसं येतात. त्यातल्या चार बाया साड्या पाहतात. उरलेल्या पंचवीस जणांना काहीही काम नसतं. काका, मावसे, आज्या, फक्त मान म्हणून आणलेले कोणीतरी तात्या. ही बिनकामाची माणसं दिवसभर लाईनीतल्या ओट्यांवर बसायची, चहा प्यायची, एकमेकांची सोयरीक काढायची, आणि बसून कंटाळा आला की उठून माझ्याकडे एखादा डबा घ्यायची. रस्त्याला रौनक यायची ती त्यांच्यामुळे. हे मला तेव्हा कळत नव्हतं. मला वाटायचं, रौनक माझ्या बोर्डावरच्या लाइटमुळे आहे.

एका बस्त्यात नवरदेवाची आत्या रुसली. तिला दाखवलेली साडी मुलीच्या मामीच्या साडीपेक्षा हलकी होती. ती तरातरा बाहेर आली, गाडीत जाऊन बसते म्हणाली, आणि आत्या गाडीत बसली की नवरदेवाचा बाप गाडीत बसणार, आणि तो बसला की लग्नच गाडीत बसणार, हे सगळ्यांना दिसत होतं. चाचांनी तिला हाक मारली.

"मावशी, गाडीत बसा ना. पण हात सुने घेऊन काऊन जाता? चार भरून देतो, मंग रुसा आरामात."

आत्याबाईंनी रागारागानं हात पुढे केला. चाचांनी बांगडी घेतली ती एक नंबर लहान. साबणाचं पाणी लावलं, बोटं जुळवली, दाबली, सोडली, पुन्हा दाबली. बांगडी काही बोटांच्या पुढं सरकेना. "हात तापला तुमचा. थांबा जराशा." पुन्हा पाणी. पुन्हा दाबणं. तोवर तिच्या गावातल्या पाण्याच्या टाकीपासून तिच्या धाकट्या लेकापर्यंत सगळ्या चौकशा झाल्या. अर्ध्या तासानं मुलीची आई दुसरी साडी घेऊन स्वतः बाहेर आली. आत्यानं साडी पाहिली, नाक मुरडलं, आणि ठेवून घेतली. मग चाचांनी बरोबर मापाच्या बांगड्या काढल्या आणि दोन मिनिटांत दोन्ही हात भरले.

"हात माह्या हातात हाय तोवर बाई उठून जाऊ शकत नाई," ते नंतर मला म्हणाले. "लहान बांगडी बी कामाची असते."

पुढे बायपासवर शोरूम आलं. तीन मजले, थंडगार, खाली गाड्या लावायला मैदान, वर फुकट जेवण. क्रूझरा तिकडं वळायला लागल्या. आमच्या लाईनीत दुपारी कुत्री आडवी पडलेली दिसू लागली. तेव्हा व्यापाऱ्यांची समिती झाली. अध्यक्ष झाले लाईनीतल्या सगळ्यात मोठ्या कापड दुकानाचे मालक, आणि सचिव झालो मी, कारण बैठकीला पेन मीच आणलं होतं.

आता मी कोणत्याच समितीत नाही. कोणी "आपण काहीतरी करायला पाहिजे" असं म्हणालं, की मी पातेल्यांवरची धूळ झटकायला लागतो. पण तेव्हा अंगात दम होता. शिवाय त्याच महिन्यात मी पुण्याला मेव्हण्याकडे जाऊन आलो होतो आणि तिथला एक रस्ता पाहून आलो होतो. गुळगुळीत फरशी, कुंड्या, दिवे, बाकं, बाकांवर बसलेली तरुण माणसं. मी मेव्हण्याला म्हटलं, "आमच्याकडं बी असंच करून राह्यलो आम्ही." मेव्हणा माझ्या बोलण्यावर हसला. मला वाटलं, कल्पनेवर हसतोय. म्हणून मी ती जास्तच मनावर घेतली.

आधी कुंड्या आणल्या. त्या मागच्या मोहल्ल्यातल्या बकऱ्यांनी चार दिवसांत संपवल्या. मग गाणी लावायला भोंगे बसवले. ते दुकानदारांनीच उतरवले, गिऱ्हाइकाचं बोलणं ऐकू येईना म्हणून. मग मी नगरपालिकेला अर्ज लिहिला. अर्ज लिहिण्यात माझा हात धरणारा लाईनीत कोणी नाही, असं माझं मत होतं. मी लिहिलं, "सदर रस्त्यावरील पुढे आलेली सर्व प्रकारची अतिक्रमणे हटवून रस्ता मोकळा करावा." माझ्या डोक्यात होत्या कोपऱ्यावरच्या केळ्यांच्या चार गाड्या.

अर्ज मंजूर होत नसतात, म्हणून मी निर्धास्त होतो. हा झाला. मंगळवारी सकाळी जेसीबी आला तेव्हा केळेवाले गाड्या ढकलत निघून गेले, त्यांना चाकं होती. ओट्यांना नव्हती. नालीच्या वर पुढं आलेला प्रत्येक ओटा जेसीबीनं उचलला. माझाही गेला. पाचव्या दुकानदारानं आडवं येऊन विचारलं, हे कोणाच्या सांगण्यावरून? नगरपालिकेच्या साहेबांनी फाईल काढून माझी सही दाखवली.

चाचा त्या वेळी ओट्यावरून उतरून रस्त्यात उभे होते, बांगड्यांची पेटी डोक्यावर घेऊन. मी त्यांच्याकडे गेलो.

"चाचा, मी केळेवाल्यांसाठी लिहिलं होतं."

"केळेवाल्यांनी काय केलं होतं तुमचं?" त्यांनी विचारलं. खरंच माहीत करून घ्यायचं असल्यासारखं.

ओटा गेल्यावर चाचांचं दुकान जमिनीपासून तीन फूट वर लटकलं. त्यात चढायला त्यांनी डबा ठेवला. त्यांचे गुडघे धरलेले. आणि बांगडी उभ्यानं भरता येत नाही. भरणाराही बसलेला लागतो, भरून घेणारीही बसलेली लागते, दोघांची उंची सारखी लागते. बाया यायच्या, वर पाहायच्या, आणि पुढं जायच्या.

मी त्यांना शब्द दिला, "तुमची बसायची जागा मी परत करून देतो."

"करा," ते म्हणाले. "बसाले जागा राह्यली तं मी हाय इथं. नाई तं काय, पेटीच तं हाय. कुठंबी जाते."

ते त्यांनी धमकी म्हणून सांगितलं नव्हतं, पण माझी झोप उडाली. चाचा गेले तर ते माझ्या सहीनं जाणार होते.

म्हणून बाकं. पुण्यासारखी बाकं बसवायची, आणि एक बरोबर चाचांच्या दुकानासमोर. दाते मिळवायला मला एक दिवसही लागला नाही. आमच्या जिल्ह्यात माणूस वस्तू सहज देतो, फक्त तिच्यावर नाव लागतं. देवळातली घंटा असो, शाळेतला पंखा असो, नाव पाहिजे. माझ्या दुकानात भांड्यांवर नाव टाकायचं मशीन आहे, उभा जन्म मी नावंच टाकत आलो. स्टीलची नऊ बाकं आली. मी रात्रंदिवस बसून नऊ पाठींवर सुंदर अक्षरात कोरलं: कै. अमुक यांच्या स्मरणार्थ. कै. तमुक यांच्या पुण्यस्मरणार्थ. चाचांच्या समोरच्या बाकावर अध्यक्षांचे वडील. लांबून दिसावं म्हणून जरा खोलच कोरलं. बाकं सिमेंटात पक्की केली, फीत कापली, पेढे वाटले.

तिसऱ्या दिवशी दुसरबीडकडून बस्ता आला, अगदी खरोखरचा. दोन गाड्या. मी हात जोडून पुढं झालो, "बसा, बसा, तुमच्यासाठीच केलं." नवरदेवाचे आजोबा बसायला वाकले, आणि वाकता वाकता त्यांनी वाचलं. मग दुसऱ्या बाकापाशी गेले. तेही वाचलं. ते एकेक बाक मोठ्यानं वाचत लाईनीच्या टोकापर्यंत गेले आणि परत आले.

"काऊन हो," ते मला म्हणाले, "हे बाजार हाय का मसनवटी? पोराचं लगन काढलं आम्ही, अन् तुम्ही मेलेल्यांच्या मांडीवर बसवता?"

मुलीच्या आईनं मुलीचं तोंड दुसरीकडे फिरवलं. पंचवीस माणसं उन्हात उभी राहिली आणि नऊ बाकं रिकामी. एक काका माझ्या दुकानातली बादली पालथी घालून तिच्यावर बसले. तासाभरात गाड्या बायपासकडे निघाल्या. तशी नावाची बाकं आमच्या गावात आधीही होती, पण फक्त मोक्षधामात. हे मला कोरताना आठवायला हवं होतं.

"घासून काढ बे ते," असं सगळे म्हणाले. मी घासलं. खोल होतं, निघालं नाही.

यावर इलाज चाचांनी केला. एका सकाळी त्यांनी घरून निळ्या चौकड्यांची चादर आणली, बाकाच्या पाठीवरून खालपर्यंत टाकली, एका टोकाला स्वतः बसले, मध्ये पेटी ठेवली, आणि दुसरं टोक मोकळं ठेवलं. "काय पाटील, मेहकर काय?" पाटील थांबले.

दोन दिवसांत लाईनीतल्या सगळ्या बाकांवर कापड चढलं. कापड लाईनच ती, चिंध्यांना काय तोटा. कोणी लाल टाकलं, कोणी पडद्याचं फुलाफुलांचं. लग्नसराई होती. बस्तेवाले बसू लागले. बायपासवरून खरेदी करून आलेली माणसंसुद्धा बांगड्या भरायला लाईनीत यायची आणि मग टेकायची. चहावाल्यानं दुसरा स्टो लावला. केळ्यांच्या गाड्या परत आल्या, आणि मी काही लिहिलं नाही. तीन आठवडे रस्ता असा होता, की पुण्याचा मेव्हणा आला असता तर मी त्याला हाताला धरून फिरवलं असतं.

मग अध्यक्षांनी मला बोलावलं.

"माह्या बापाचं नाव झाकलं त्यानं."

"सगळ्यांचंच झाकलंय, शेटजी. लोक बसतात त्यामुळे."

"लोक बसो ना. पण बापाच्या नावानं बाक देल्लं, अन् नावच दिसत नाई. आई येऊन पाहून गेली. घरी जाऊन रडली. मी काय सांगू तिले?" त्यांचा चेहरा खरंच उतरलेला होता. मला त्यांना वाईट म्हणता येईना. "तुम्ही सचिव हात. सांगा त्याले, चादर काढ म्हणा."

"तुम्हीच सांगा ना."

"मी सांगतलं तं वाईट दिसते."

म्हणजे मी सांगितलं तर दिसत नव्हतं. एवढं कळूनही मी गेलो. सरळ नाही म्हणता येत नाही, हा माझा जुना आजार. वाटेत मी मोठं वाक्य तयार केलं आणि चाचांपुढे उभं राहून म्हणून टाकलं, "चाचा, समितीचं असं म्हणणं आहे, की चादर काढावी. देणाऱ्याच्या भावना आहेत."

चाचांच्या हातात एका बाईचा हात होता, अर्धा भरलेला. ते मान खाली घालूनच बोलले.

"समिती म्हणजे कोण?"

"म्हणजे आम्ही सगळे."

"तुम्ही बी?"

इथं "मी नाही" एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द. अर्जात मी आठ ओळी लिहिल्या होत्या. मी म्हणालो, "म्हणजे, मी सचिव आहे ना."

"बरं," चाचा म्हणाले. मग म्हणाले, "अध्यक्षाचा म्हातारा रोज दुपारी माह्या ओट्यावर चहा पेत होता. तो असता तं त्यानंच चादर आणून देली असती." त्यांनी त्या बाईचा हात पूर्ण भरला, दुसराही भरला, तिला ओंजळभर पाणी देऊन साबण धुवायला लावला. मग उठले, चादर काढली, झटकली, चौघडी केली आणि पेटीवर ठेवली. बाकाच्या पाठीवरचं नाव उन्हात चकाकलं. माझं काम चांगलंच झालं होतं.

दुसऱ्या दिवसापासून चाचांचं दुकान बंद.

आधी वाटलं, बरं नसेल. मग मी घरी गेलो. त्यांच्या बेगमनं पडद्याआडून सांगितलं, "बाजाराले गेले." पुढच्या आठवड्यात गेलो, तेव्हाही बाजाराला गेले होते. रोज कुठल्या ना कुठल्या गावचा आठवडी बाजार असतोच. इकडे बाकीच्यांनीही आपापल्या बाकांवरची कापडं गुपचूप काढली. एकाचं काढलं आणि आपलं राहिलं, तर आपला बाप कमी मानाचा ठरतो, अशी सगळ्यांना भीती. पुढची लग्नसराई अशी कोरडी गेली, की अध्यक्षच एक दिवस माझ्या दुकानात येऊन पालथ्या बादलीवर बसले आणि म्हणाले, "आणा बा त्याले परत. पाहिजे तं बाक उपटून टाकू."

तोवर मी नगरपालिकेत आठ महिने खेटे घालून कागद मिळवला होता. चाचांच्या दुकानासमोर दोन फूट रुंद ओटा बांधायची परवानगी, शिक्क्यासकट. तो खिशात घालून मी बाजाराच्या दिवशी मोताळ्याला गेलो.

चाचा गूळवाल्याच्या शेजारी ताडपत्रीखाली बसले होते. खाली पोतं, पोत्यावर ती निळी चादर. भोवती बायांचा गराडा. मी त्यांच्या मागं बराच वेळ उभा राहिलो. कोणीतरी म्हणालं, "ओ भाऊ, उजेड अडवून राह्यले तुम्ही." तेव्हा चाचांना मी दिसलो.

"या सेठ. बसा."

मी पोत्यावर बसलो. दुपारभर त्यांना बांगड्यांचे डझन दोऱ्यातून सोडवून देत राहिलो. तीन बांगड्या माझ्या हातून फुटल्या. चाचांनी फक्त पुढचा डझन दुसऱ्या बाजूनं घेतला. ऊन कलल्यावर गर्दी पांगली आणि ते पेटी आवरू लागले. मग मी कागद काढला.

"चाचा, ओटा मंजूर झाला. अध्यक्षांनीही निरोप दिलाय. उद्या गवंडी लावतो. चला ना परत."

त्यांनी कागद हातात घेतला, शिक्का पाहिला, आणि घडी करून परत माझ्या खिशात घातला.

"मी काई रागावलो नाई, सेठ. तुमच्या मनात काई नव्हतं, ते मले ठाऊक हाय. एकडाव उठवलं, मी खाली आलो. दुसऱ्यानदा उठवलं, मी इकडं आलो. आता बसवान बी तुम्ही. पण उठवलेला माणूस दर घडीले वर पाह्यते, आता कोण येऊन राह्यलं म्हणून." ते चादरीची टोकं जुळवत होते. "अन् बांगडी भरताना वर पाह्यता येत नाई. बाईचा हात कापते."

मी चादरीचं दुसरं टोक धरलं.

"हे धरा," म्हणून त्यांनी पेटी माझ्या हातात दिली. मी ती छातीशी धरून काळीपिवळी जीपच्या अड्ड्यापर्यंत चाललो, पेटीआडून पायाखालची वाट शोधत शोधत. गाडी भरली होती, पण ड्रायव्हरनं चाचांना पाहून पुढच्या दोघांना मागं सरकवलं. चाचा बसले, मी पेटी त्यांच्या मांडीवर ठेवली. ते मला नव्हे, पेटीला धरून म्हणाले, "येतो मंग."

माझी स्कूटर होती. पूर्ण रस्ता मी त्या गाडीच्या मागं मागं आलो, पुढं काढावीशी वाटली नाही. गावात शिरल्यावर चौकात गाडी उजवीकडे त्यांच्या मोहल्ल्याकडे वळली. कापड लाईन डावीकडे आहे.